अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यांतल्या सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईकांशी फोनवर, मंडळाच्या कार्यक्रमांत, लेकाच्या किंवा लेकीच्या व्हिसाच्या काळजीने जागणाऱ्या आई-वडिलांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांना हवं असतं ते एकच उत्तर: "हे कधी सुटणार?" त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे इतकं गुंतलं कसं ते सांगावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. आज जी माणसं अडकून पडली आहेत, ती बहुतांशी जुन्या तडजोडींमुळे अडकली आहेत. त्या तडजोडी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने केल्या आणि त्या सोडवण्याचा अधिकारही काँग्रेसकडेच आहे. १९९० नंतर तिने ते काम जवळजवळ सोडून दिलं आहे.

अमेरिकेचं दार पूर्वी सगळ्यांना उघडं होतं ना?

येण्यावर सुरुवातीची कित्येक दशकं केंद्र सरकारची फारशी बंधनं नव्हती, हे खरं. पण नागरिक कोणाला होता येईल, यावर पहिल्या दिवसापासून बंधन होतं. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त "स्वतंत्र गोऱ्या" माणसालाच नागरिकत्वाचा हक्क दिला. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना तो मिळाला. आशियाई लोक बाहेरच राहिले.

येण्यावरची पहिली मोठी बंदी चिन्यांवर आली. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून रेल्वे नेण्यासाठी चिनी मजूर चालले, पण रेल्वे पूर्ण झाली आणि मंदी आली तेव्हा तेच डोळ्यांत खुपू लागले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षं बंदी घातली. ती मुदत वाढवली गेली, १९०२ मध्ये बंदी कायमची झाली आणि १९४३ मध्ये उठली. तेव्हा चीन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मित्र होता. उठली म्हणजे काय, तर वर्षाला १०५ चिनी माणसांना परवानगी मिळाली.

त्या काळातला एक निकाल आजही कोर्टात उद्धृत होतो. चे चान पिंग नावाचा मजूर परत येण्याचं अधिकृत प्रमाणपत्र घेऊन चीनला गेला होता. तो बोटीवर असतानाच काँग्रेसने १८८८ मध्ये अशी सगळी प्रमाणपत्रं रद्द केली. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी माणसाला आत घ्यायचं की नाही हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे. सरकार या विषयात इतकं मोकळेपणाने वागू शकतं, त्याचं मूळ या निकालात आहे. वैध कागद हातात असलेला माणूस विमानात असताना नियम बदलतो, असं आज घडलं की मला चे चान पिंग आठवतो.

भारतीयांना कधी अडवायला लागले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शेतकरी आणि माजी सैनिक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर काम करू लागले. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून नवा कायदा केला. त्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासकट, "वर्जित क्षेत्र" ठरवला.

आपली माणसं तेव्हाही तिथे होती, संख्येने थोडी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथे शेतीशास्त्र शिकले आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीच्या उभारणीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिएटलमार्गे गदरमध्ये गेले आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर चढले. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले. विद्यार्थ्यांसाठी दार किलकिलं राहिलं, पण स्थायिक व्हायचं दार बंद झालं.

त्यातही जे आधी नागरिक झाले होते, त्यांच्यावर १९२३ मध्ये कुऱ्हाड कोसळली. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. नागरिकत्वासाठी त्यांनी मांडलं की वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय हे कॉकेशियन, म्हणून ते गोरे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. या निकालानंतर सरकारने डझनावारी भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं. स्वतःला उच्चवर्णीय सिद्ध करून आत शिरण्याचा तो युक्तिवाद होता, ही गोष्टही आपण विसरू नये. जिथे दार रंगावरून उघडतं, तिथे माणसं असे युक्तिवाद करायला लागतात.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. त्याचा फायदा घेऊन नागरिक झालेले दलीप सिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले.

कोटा पद्धत म्हणजे नेमकं काय होतं?

१९२४ च्या जॉन्सन-रीड कायद्याने प्रत्येक देशाला वाटा दिला. तो १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या दोन टक्के. जनगणना १९२० ची उपलब्ध असताना १८९० ची का निवडली? कारण इटालियन, पोलिश आणि रशियन ज्यू लोकांची मोठी लाट १८९० नंतर आली. मागची तारीख निवडली की त्यांचा वाटा आपोआप आक्रसतो. इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या. आशियाई लोकांना तर जवळपास पूर्ण बंदी. सीमा गस्ती दलही त्याच वर्षी स्थापन झालं. तीसच्या दशकात जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंना अमेरिकेत जागा मिळेना, त्याला हीच चौकट कारणीभूत होती.

१९६५ च्या कायद्याला एवढं महत्त्व का?

कारण अमेरिकेतल्या बहुतेक भारतीय घरांची सुरुवात तिथून होते.

ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर १९२४ मध्ये नवखे असताना कोट्याच्या विरोधात बोलले होते. एकेचाळीस वर्षांनी, सिनेटर फिलिप हार्ट यांच्याबरोबर, त्यांच्याच नावाच्या कायद्याने तो कोटा मोडला. मधल्या काळात नागरी हक्कांची चळवळ झाली होती. शीतयुद्धात स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या देशाला वंशावर आधारलेला व्हिसा लाजिरवाणा वाटू लागला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली आणि हा काही क्रांतिकारी कायदा नाही, असं सांगितलं.

त्यांचा तो अंदाज साफ चुकला. का चुकला, ते समजून घेण्यासारखं आहे. मूळ प्रस्तावात कौशल्याला प्राधान्य होतं. ओहायोचे खासदार मायकेल फेगन उपसमितीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी प्राधान्य कुटुंबाकडे वळवलं. जवळपास तीन चतुर्थांश जागा नातेवाईकांना गेल्या. हिशेब असा की अमेरिकेत बहुतेक युरोपीय वंशाचे लोक आहेत, तेव्हा तेच आपल्या नातेवाईकांना बोलावतील आणि देशाचा चेहरा फारसा बदलणार नाही. पण साठच्या दशकात युरोप सावरला होता, तिथून येण्याची घाई कोणाला नव्हती. भारत, फिलिपिन्स, कोरिया इथल्या शिकलेल्या माणसांना मात्र होती. त्याच वर्षी वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना आली आणि डॉक्टरांची गरज वाढली. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणि इंजिनिअर व्यावसायिकांसाठीच्या लहानशा वाट्यातून आले, मग त्यांनी भावा-बहिणींना बोलावलं. १९७० मध्ये परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण ४.७ टक्के इतकं खाली आलं होतं, तिथून ते चढत गेलं. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहण्याइतकी मराठी माणसं त्या देशात झाली, ती याच कायद्यामुळे.

त्यात आणखी एक कलम होतं. पूर्व गोलार्धातल्या कोणत्याही एका देशाला वर्षाला २०,००० पेक्षा जास्त जागा नाहीत. लहान-मोठा देश, सगळ्यांना सारखी मर्यादा. १९२४ च्या पक्षपाताला ते उत्तर होतं आणि त्या वेळी ते न्याय्यच वाटलं. साठ वर्षांनी त्याच समान मर्यादेने भारतीयांची रांग अडवून ठेवली आहे. त्याकडे पुढे येतेच.

मग बेकायदा स्थलांतराचा प्रश्न कुठून आला?

याचंही एक मूळ १९६५ च्याच आसपास आहे. १९४२ पासून ब्रासेरो नावाची योजना होती. मेक्सिकन मजूर हंगामापुरते येत, पिकं काढत आणि परत जात. तिच्यात शोषण भरपूर होतं आणि कामगार संघटनांचा विरोध होता, म्हणून १९६४ मध्ये ती बंद केली. पुढे पश्चिम गोलार्धालाही संख्येची मर्यादा आली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोलाही २०,००० ची देशमर्यादा लागू झाली. शेतं तीच, मालक तेच, मजूर तेच, त्यांच्या हातातला कागद तेवढा गेला.

नव्वदच्या दशकात सीमेवर कुंपण आणि पहारा वाढला. स्थलांतराचे अभ्यासक डग्लस मॅसी यांनी दाखवलं की त्यामुळे माणसं यायची नव्हे, परत जायची थांबली. एकदा जिवावर उदार होऊन सीमा ओलांडली की पुन्हा तो धोका कोण घेणार? मग बायका-मुलंही तिकडेच आली. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या १ कोटी ४० लाख होती. त्यात भारतीयही आहेत.

रेगन यांनी सगळ्यांना माफी दिली होती, हे खरं का?

सगळ्यांना नाही. १९८६ च्या सिम्पसन-मझोली कायद्याने १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना कायदेशीर होण्याची वाट दिली. सुमारे २७ लाख लोकांना त्याचा फायदा झाला. बदल्यात, कागद नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड ठेवला.

सौद्याचा पहिला भाग पार पडला, दुसरा कागदावरच राहिला. मालकाने कागद पाहिले की त्याची जबाबदारी संपली. ते खरे आहेत का, हे तपासायची सक्ती नव्हती. शिवाय पुढे मजूर लागले तर ते कायदेशीररीत्या कसे येणार, याची तरतूद कोणी केली नाही. त्यामुळे काही वर्षांत संख्या पुन्हा वाढली. "आम्हाला १९८६ मध्ये फसवलं, आता आधी सीमा बंद करा," हे वाक्य रिपब्लिकन राजकारणात तेव्हापासून घुमतं आहे. त्यातली तक्रार खोटी नाही, असं मला वाटतं. फक्त तिचा राग त्या मालकांवर निघायला हवा होता. तो निघाला मजुरांवर.

एच-१बी आणि ग्रीन कार्डचे आकडे कोणी ठरवले?

थोरले बुश यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये सही केलेल्या कायद्याने. नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, वर्षाला १,४०,०००; एच-१बी, म्हणजे कुशल नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा, ६५,०००; आणि ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्के. एच-१बी ची संख्या मध्यंतरी १,९५,००० पर्यंत वाढली, पुन्हा खाली आली, मग अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जास्तीच्या जागा मिळाल्या. १,४०,००० हा आकडा मात्र तिथेच आहे. तो ठरला तेव्हा सामान्य माणसाच्या घरी इंटरनेट नव्हतं.

भारतीयांची रांग इतकी लांब का? बाकीच्या देशांतले सहकारी पुढे कसे जातात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून आकडे नीट मांडते.

१,४०,००० मध्ये अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात. चौघांच्या कुटुंबाला चार क्रमांक लागतात. याचे सात टक्के म्हणजे ९,८००. ईबी-२ (मास्टर्स किंवा तत्सम पात्रता लागणाऱ्या नोकऱ्या) या एका गटाला एकूण सुमारे ४०,००० जागा मिळतात, त्याचे सात टक्के सुमारे २,८००. इतर देशांनी न वापरलेल्या जागा भारताकडे येतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कधी कधी बराच वर जातो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरीकडे, एच-१बी ला देशमर्यादा नाही आणि दरवर्षी मंजूर होणाऱ्यांत भारतीयांचं प्रमाण गेली अनेक वर्षं दोन तृतीयांशाहून जास्त आहे. आत यायचं दार मोठं आणि कायम व्हायचं दार चिंचोळं, अशी ही रचना आहे.

परिणाम परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये दिसतो. २०२५ मध्ये ईबी-२ आणि ईबी-३ (पदवी किंवा कौशल्याच्या नोकऱ्या) या दोन्ही गटांत भारतासाठी २०१३ मधली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, चालू होती. आइसलँडमध्ये जन्मलेला सहकारी त्याच कंपनीत, त्याच पदावर असेल तर त्याचं काम दोन-तीन वर्षांत होऊन जातं. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे पाहत नाहीत, जन्म कुठे झाला ते पाहतात. पुण्यात जन्मून कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला माणूस भारताच्याच रांगेत. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर मात्र त्याच्या देशाच्या रांगेत जाता येतं.

२००० च्या एका कायद्याने एक दिलासा दिला: ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असेल तर एच-१बी सहा वर्षांनंतरही वाढवता येतो. लाखो घरं त्या एका तरतुदीवर उभी आहेत. घर घेतलं, मुलं शाळेत गेली, आई-वडील म्हातारे झाले, आणि नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची. पन्नाशीला टेकलेली माणसं अजून तात्पुरत्या व्हिसावर आहेत. ज्या देशाने त्यांचा कर, त्यांचं कौशल्य आणि उमेदीची वर्षं घेतली, त्याने त्यांना इतकं ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे, असं मी ठामपणे म्हणते.

ही देशमर्यादा काढायचा प्रयत्न झाला नाही का?

झाला. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, ३६५ विरुद्ध ६५ मतांनी तसं विधेयक मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही, म्हणजे वरिष्ठ सभागृहानेही, केलं, पण मजकूर वेगळा होता. दोन्ही मजकूर जुळवण्याआधी त्या काँग्रेसची मुदत संपली. विरोधही समजून घ्यायला हवा. एकूण जागा न वाढवता मर्यादा काढली तर काही वर्षं जवळपास सगळ्या जागा भारतीयांना जातील आणि इराणी, ब्राझिलियन, नायजेरियन अर्जदार मागे पडतील. त्यांची तक्रार रास्त आहे. खरा उपाय म्हणजे एकूण जागा वाढवणं आणि कुटुंबीयांना त्या मोजणीतून वगळणं, आणि नेमकं तेच करायला काँग्रेस तयार होत नाही.

बेकायदा आलेले लोक रांगेत का उभे राहत नाहीत?

बहुतेकांसाठी रांगच नाही. शिक्षण नसलेल्या कामगारांसाठी वर्षभरात फार तर १०,००० कायमच्या जागा आहेत. आणि जे आत आहेत, त्यांच्यासाठी १९९६ च्या कायद्याने सापळा लावला. एक वर्ष किंवा जास्त काळ बेकायदा राहून देश सोडला, तर दहा वर्षं परत यायला बंदी. सहा महिन्यांहून जास्त असेल तर तीन वर्षं. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेलं असलं तरी अनेकांना कागद नीट करण्यासाठी बाहेर जायची भीती वाटते, ती यामुळे. सही क्लिंटन यांची होती, हेही नोंदवून ठेवा.

२००६, २००७ आणि २०१३ मध्ये मोठी सुधारणा अगदी जवळ आली होती म्हणतात. मग काय झालं?

तिन्ही वेळा साचा एकच: सीमेवर कडक बंदोबस्त, आत असलेल्यांना दंड भरून नागरिकत्वाकडे जाण्याची लांब वाट, आणि कायदेशीर येण्याच्या जागांत वाढ. २००६ मध्ये सिनेटने ६२ विरुद्ध ३६ मतांनी विधेयक मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाने आधीच निव्वळ कारवाईचं विधेयक मंजूर केलं होतं, ज्याच्या विरोधात लाखो लोक लॉस एंजेलिस, शिकागोच्या रस्त्यांवर उतरले होते. दोन्हींचा मेळ बसला नाही. शेवटी पास झालं ते सुमारे ७०० मैल कुंपण. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश आणि सिनेटर केनेडी व मॅकेन एका बाजूला असूनही मतदान ४६ विरुद्ध ५३ असं पडलं. रेडिओवरच्या उजव्या निवेदकांनी रान उठवलं होतंच, पण हंगामी मजूर आणल्याने वेतन पडेल म्हणून डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनीही विरोधात मत दिलं.

२०१३ चं मात्र मनाला लागून राहिलं आहे. शूमर, मॅकेन, डर्बिन, ग्रॅहम, मेनेंडेझ, रुबिओ, बेनेट आणि फ्लेक, चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन, यांनी मिळून विधेयक लिहिलं. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. त्यात बेकायदा राहणाऱ्यांसाठी तेरा वर्षांची वाट होती, सीमा रक्षकांची संख्या जवळपास दुप्पट होणार होती, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डवरची देशमर्यादा जाणार होती, कुटुंबीय मोजणीतून वगळले जाणार होते. बदल्यात भावंडांना बोलावण्याचा गट बंद होणार होता.

प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलंच नाही. आणलं असतं तर डेमोक्रॅट आणि काही रिपब्लिकन मिळून ते पास झालं असतं, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. पण आपल्या पक्षाच्या बहुमताचा पाठिंबा नसलेलं विधेयक मांडायचं नाही, हा रिपब्लिकनांचा संकेत. जून २०१४ मध्ये त्यांचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्ह ब्रॅट नावाच्या अनोळखी प्राध्यापकाकडून हरले. स्थलांतराबाबत मवाळ असल्याचा ठपका त्यांच्यावर होता. त्यानंतर कोणी हात घालायला धजावलं नाही. २०१३ च्या त्या उन्हाळ्यात ज्यांचं मूल आठ वर्षांचं होतं, त्यांचं ते मूल आज एकविशी ओलांडत आहे.

ड्रीमर म्हणजे कोण? आपली मुलं त्यात येतात का?

लहानपणी कागदांविना आणलेली मुलं. त्यांच्यासाठीचं विधेयक डर्बिन आणि हॅच यांनी प्रथम २००१ मध्ये मांडलं. डिसेंबर २०१० मध्ये ते सिनेटमध्ये ५५ मतं मिळूनही पडलं, कारण चर्चा संपवायला साठ लागतात. मग १५ जून २०१२ रोजी ओबामांनी डाका योजना जाहीर केली: हद्दपारी दोन वर्षं पुढे ढकलायची, कामाचा परवाना द्यायचा आणि पुन्हा नूतनीकरण करायचं. सुमारे आठ लाख तरुणांना तिचा लाभ झाला. ट्रम्प यांनी ती बंद करायचा निर्णय घेतला, तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला, कारण प्रक्रिया नीट पाळली नव्हती. योजनेला अजून कायद्याचा आधार नाही.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेली आपली मुलं त्यात बसत नाहीत, कारण डाकासाठी कायदेशीर दर्जा नसणं ही अट होती. ही मुलं एकविसाव्या वर्षी आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली आहे, पण दशकभराच्या रांगेला ती पुरत नाही. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्या, ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरचं तात्पुरतं काम, करा, पुन्हा एच-१बी च्या सोडतीत नशीब आजमावा, नाहीतर लहानपणी सोडलेल्या देशात परता.

राष्ट्राध्यक्ष स्वतःच हे का बदलत नाहीत?

जेवढं बदलता येतं तेवढं प्रत्येक जण बदलतो, आणि पुढचा ते उलटवतो. एच-४ वरच्या जोडीदारांना कामाचा परवाना २०१५ मध्ये ओबामांच्या काळातल्या नियमाने मिळाला, कायद्याने नाही. म्हणून सरकार बदललं की त्या बायकांच्या पोटात गोळा येतो. ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी एका घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लादली. पहिल्या चोवीस तासांत ती कोणाला लागू, परत येणाऱ्यांना की फक्त नव्यांना, याचा खुलासा नव्हता आणि लोक विमानातून उतरून परत फिरले. नंतर स्पष्ट झालं की जुन्या व्हिसाधारकांना आणि नूतनीकरणाला ती नाही.

ग्रीन कार्डची संख्या आणि देशमर्यादा मात्र कोणताही राष्ट्राध्यक्ष एकट्याने बदलू शकत नाही. ते कायद्यात लिहिलेले आकडे आहेत.

डेमोक्रॅट बाजूने आणि रिपब्लिकन विरोधात, इतकं सरळ आहे का?

आज बरंचसं तसं दिसतं, पण हे अलीकडचं आहे. दीर्घकाळ व्यापारी मंडळी स्थलांतराच्या बाजूने आणि कामगार संघटना विरोधात असत. एएफएल-सीआयओ या महासंघाने २००० मध्ये भूमिका बदलली आणि कागद नसलेल्यांना कायदेशीर करण्याची मागणी केली. नागरी हक्कांच्या लढ्यातल्या बार्बरा जॉर्डन या डेमोक्रॅट नेत्या नव्वदच्या दशकात ज्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या, त्याने कायदेशीर स्थलांतरही कमी करावं अशी शिफारस केली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उलटंच घडलं. रिपब्लिकन लँकफर्ड, डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या सिनेटरांनी कडक सीमा विधेयक लिहिलं, ज्यात बेकायदा राहणाऱ्यांसाठी नागरिकत्वाची वाट जवळपास नव्हती. त्यात पाच वर्षं दरवर्षी ५०,००० जास्त ग्रीन कार्ड, एच-१बी वाल्यांच्या मुलांना वयाचं संरक्षण आणि त्यांच्या जोडीदारांना कामाचा हक्क होता. बायडन तयार होते. ट्रम्प यांनी विरोध करायला सांगितलं आणि काही दिवसांत ते ४९ विरुद्ध ५० मतांनी पडलं. आपल्याकडच्या बातम्यांत ते "सीमेचं विधेयक" म्हणून आलं आणि गेलं. आपल्या मुलांची तरतूद त्यात होती, हे फार थोड्यांना कळलं.

आणखी एक भेद लक्षात घ्या. खर्चाच्या बाबी सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करण्याची एक विशेष प्रक्रिया आहे. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी त्या वाटेने लोकांना कायदेशीर करायचा प्रयत्न केला, तेव्हा सिनेटच्या नियम-सल्लागारांनी तो अर्थसंकल्पाच्या कक्षेबाहेर ठरवला. जुलै २०२५ मध्ये त्याच वाटेने कारवाई, कोठड्या आणि भिंतीसाठी दीडशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर झाली. पकडायला साधं बहुमत पुरतं, सामावून घ्यायला साठ मतं लागतात.

अमेरिकेत जन्मलेलं मूल आपोआप नागरिक होतं, हे बदललं का?

चौदाव्या घटनादुरुस्तीने ते ठरवलं आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. त्याच्या आई-वडिलांना नागरिक होण्याचा हक्क नव्हता, तरीही तो नागरिक ठरला. २० जानेवारी २०२५ च्या आदेशात ट्रम्प यांनी हे मर्यादित केलं. त्यात बेकायदा आलेल्यांबरोबर एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या दांपत्यांची मुलंही होती. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. घरात बाळ येणार असेल तर ताजी स्थिती वकिलाकडूनच समजून घ्या.

हद्दपार झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते का?

हो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. त्यांना हातकड्या घालून आणलं, यावर संसदेत गदारोळ झाला. "आपण कायदेशीर, ते बेकायदेशीर" म्हणून काही मराठी घरांत त्यांच्याबद्दल तुच्छतेने बोललं जातं, ते ऐकवत नाही. जमीन विकून दलालाला पैसे देणारा तरुण आणि कर्ज काढून मास्टर्स करणारा तरुण, दोघांना बाहेर ढकलणारी आपल्याकडची परिस्थिती फार वेगळी नाही.

काँग्रेसमध्ये आपली बाजू मांडणारं कोणी आहे का?

भारतीय वंशाचे अनेक सदस्य आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिकायला गेले आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. पण खासदार आधी मतदारांचं ऐकतो आणि रांगेतल्या माणसाला मत नाही. ज्यांना मिळालं आहे, त्यांनी तरी आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करावा. नागरिकत्व मिळालेले अनेक जण "आमचं झालं" म्हणून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपवर "नवा कायदा पास, ग्रीन कार्ड लवकर" असा निरोप आला. खरं कसं ओळखायचं?

आधी पाहा, तो निरोप कशाबद्दल आहे. विधेयक मांडलं गेलं, एवढंच असेल तर सोडून द्या. दर दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये हजारो विधेयकं मांडली जातात आणि मुदत संपली की मरतात. समितीने मंजूर केलं, एका सभागृहाने मंजूर केलं, तरी काम झालेलं नसतं. २०१९ चं उदाहरण वर दिलंच आहे. दोन्ही सभागृहांनी एकच मजकूर मंजूर करून राष्ट्राध्यक्षांची सही झाली, तरच तो कायदा. घोषणापत्र किंवा आदेश असेल तर तो लगेच लागू होऊ शकतो, पण कोर्टात अडकूही शकतो. प्रशासकीय नियम असेल तर तो आधी प्रस्ताव म्हणून प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवतात आणि अंतिम व्हायला अनेक महिने जातात. आणि तुमची तारीख आली का, हे फक्त परराष्ट्र खात्याचं दरमहा निघणारं व्हिसा बुलेटिन सांगतं. ते पाहताना "अंतिम कारवाई"चा तक्ता आणि "अर्ज भरण्या"चा तक्ता वेगळे असतात. त्या महिन्यात कोणता वापरायचा, हे स्थलांतर खातं स्वतंत्रपणे जाहीर करतं.